डेब्युसीचे शनिवार

आईबाबांच्या घटस्फोटानंतर हर्षिता दर शनिवारी बाबाकडे, प्रितमच्या अमेरिकेत अर्विंगमधल्या अपार्टमेंटवर यायची. १९९७ साल होतं. ती बारा वर्षांची होती, पियानो शिकत होती. प्रितमकडे पियानो नव्हता. नागपूरहून आणलेली पेटी होती. कॉलेजात असताना भीमजयंतीच्या कार्यक्रमांत तो ती वाजवायचा.

त्या महिन्यात तिला शाळेत एका संगीतकारावर बोलायचं होतं. तिनं डेब्युसी निवडला. लायब्ररीतलं पुस्तक घेऊन ती कार्पेटवर पालथी पडली.

"बाबा, टीचर्स त्याच्यावर जाम चिडायचे. त्याचे कॉर्ड्स राँग असायचे."

"राँग म्हणजे?"

"म्हणजे तीन-चार नोट्स एकदम वाजवल्या ना, की त्याच्यापुढे काय यायचं ते ठरलेलं असायचं. एंडला होमला, म्हणजे स्टार्टच्या नोटला यायचंच. डेब्युसी सेड, का? मला साउंड आवडतो, दॅट्स इट."

मग पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यानं जावाच्या वादकांना कसं ऐकलं, घंटांचे ते सूर त्याच्या डोक्यातून कसे गेलेच नाहीत, हेही तिनं सांगितलं. सांगता सांगता ती उठून पेटीपाशी आली. प्रितमनं भाता धरला. तिनं त्याची तीन बोटं तीन पट्ट्यांवर ठेवली.

"आता हाताचा शेप चेंज करू नको. तसाच वर सरकव."

त्यानं हात सरकवला. एक कॉर्ड, तसाच दुसरा, मग तिसरा. एकही पुढच्याला ओढत नव्हता. नुसते रंग बदलत होते. प्रितमनं आयुष्यभर एका सुरामागून एक सूर वाजवला होता. हे त्याच्या बोटांना नवीन होतं.

"आधी ह्याला मिस्टेक म्हणायचे," ती म्हणाली. "नंतर सगळेच करायला लागले. जॅझवालेसुद्धा."

डेब्युसीला एकच मुलगी होती. पॅरिसवर तोफा डागल्या जात असताना तो कॅन्सरनं गेला, तेव्हा ती बारा वर्षांची होती. हे वाचून हर्षितानं पुस्तक मिटलं. पुढचं पान प्रितमनं ती हात धुवायला गेल्यावर वाचलं. वर्षभरानं ती मुलगीही गेली होती. त्यानं पुस्तक मिटून तिच्या दप्तरात ठेवलं.

संध्याकाळी हर्षिताची आई जागृती तिला न्यायला आली आणि दारातच म्हणाली, "प्रितम, मला बॉथेलला, सिएटलजवळ जॉब मिळालाय. बायोटेकमध्ये. जूनमध्ये शिफ्ट होतोय आम्ही."

"एवढ्या लांब?"

"तूही ये ना तिकडे. तिला तू हवा आहेस."

पण त्याचं ग्रीन कार्ड कंपनीमार्फत होत होतं. नोकरी सोडली असती तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. जूनमध्ये त्या दोघी गेल्या.

शनिवार रिकामे झाले. प्रितम सकाळी किराणा आणायचा, मग पेटी काढून तीन बोटं तशीच सरकवत बसायचा. फोनवर हर्षिता आधी खूप बोलायची. नवीन टीचर, नवीन पीस. एकदा तिनं रिसीव्हर पियानोवर ठेवून वाजवून दाखवलं. त्याला खरखरच जास्त ऐकू आली, तरी तो "वा, बेटा" म्हणाला. हळूहळू फोन आखूड झाले. "फाइन." "ओके." "मम्मीशी बोल."

कार्ड यायला दोन वर्षं लागली. आल्या आल्या त्यानं सिएटलला नोकरी शोधली आणि बॉथेलमध्ये घर भाड्यानं घेतलं. पहिल्या शनिवारी तो तिला घ्यायला गेला. हर्षिता त्याच्या खांद्याला लागत होती. हॉलमधल्या पियानोवर इस्त्रीचे कपडे ठेवले होते.

"प्रॅक्टिस नाही करत?"

"आय क्विट, बाबा. लास्ट इयर. व्हॉलीबॉलमुळे टाइमच नाही."

"सांगितलं नाहीस."

"तुला वाईट वाटलं असतं."

जागृती स्वयंपाकघरातून बघत होती. प्रितमनं हर्षिताची किटबॅग उचलली आणि गाडीत ठेवली.

तिची व्हॉलीबॉल प्रॅक्टिस ज्या जिममध्ये होती, ते कुठं आहे हे त्याला माहीत नव्हतं. हर्षिता शेजारी बसून बुटाची नाडी बांधत होती.

"नेक्स्ट लाइटला लेफ्ट घे," ती म्हणाली. "आणि जाऊ नको हं. बघत बस."