पान सत्त्याण्णव ते एकशे बारा

लेखकरावांच्या कादंबरीला त्रेचाळीस जणांनी पाचपैकी पाच तारे दिले होते, आणि एवढे तारे पदरात पडल्यावर माणसाने नोकरी सोडायची नाही तर कधी सोडायची, असा त्यांचा सवाल होता. राजीनामा टाइप करून जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. उडू नये म्हणून त्यावर मिठाची बरणी ठेवली होती. भूमापन कार्यालयातली त्यांची वर्षाची बिनपगारी रजा उद्या संपत होती. उद्या दुपारी बारापर्यंत एकतर कामावर हजर व्हायचं, नाहीतर तो कागद साहेबाच्या हातात द्यायचा.

लेखकराव हे नाव त्यांना बायकोने दिलेलं. ती बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात सव्वीस वर्षं काम करत होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढवायचा, कानामागची काडी वाकवून बसवायची, बारीक अक्षरांचं कार्ड हातात द्यायचं आणि म्हणायचं, "वाचा." वर्षभर घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं, त्यामुळे नाव ठेवण्याचा अधिकार आपला आहे असं ती समजत असे.

रजा घेतली होती दुसरी कादंबरी लिहायला. दुसरीची एक ओळसुद्धा झाली नाही. पहिली छापून आली, पुठ्ठ्याच्या खोक्यांतून पलंगाखाली जाऊन बसली, आणि मग तिला विकायचं कसं हे शिकण्यात वर्ष गेलं. शिकवायला एक कोच होता. त्या कोचने स्वतः सात पुस्तकं लिहिली होती आणि सातही पुस्तकं पुस्तक कसं खपवावं याच्यावर होती. ती विकत घेणारे झाडून सगळे, आपलं पुस्तक न खपलेले लोक. म्हणजे गडी धंद्यात हुशार होता यात वाद नाही. त्याची फी तिच्या दाढेतून गेली. दाढेवर टोपी बसवायला तिने पैसे बाजूला ठेवले होते, ते लेखकरावांनी "फक्त तीन महिन्यांसाठी" मागून घेतले, आणि अकरा महिने झाले, बाई डाव्या बाजूनेच चावत होती.

कोच म्हणे, लेखकाने रोज दिसलं पाहिजे. मग लेखकराव रोज दिसू लागले. चहाच्या कपाशेजारी पुस्तक, खिडकीत पुस्तक, बाकावर कुणीतरी विसरून गेल्यासारखं मुद्दाम ठेवलेलं पुस्तक. एकदा शेजारणीच्या मांजराशेजारी ठेवलं. त्या फोटोला सगळ्यांत जास्त पसंती मिळाली आणि दोघांनी मांजर कुठल्या जातीचं आहे ते विचारलं. कोच म्हणे, पहिलं प्रकरणच वाचून दाखवायचं, पुढचं फुकटात द्यायचं नाही. तर लेखकरावांनी मोबाइलपुढे बसून पहिलं प्रकरण एकोणतीस वेळा वाचलं. बायकोला ते स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून पाठ झालं होतं, आणि तिला त्या प्रकरणाचा इतका वीट आला होता की दुसरं वाचायचा प्रश्नच नव्हता. छापून आलं त्याच आठवड्यात तिने "छान आहे हो, दोनदा वाचलं" असं सांगून टाकलं होतं. घरात शांतता राहायला तेवढं पुरलं.

ताऱ्यांची हकिगत तर ऐकण्यासारखी आहे. कोचच्या सगळ्या शिष्यांचा मिळून एक 'लेखणी परिवार' होता. परिवारातल्या प्रत्येकाने प्रत्येकाला पुस्तक पाठवायचं, टपालखर्च आपला आपण करायचा, आणि रविवारी संध्याकाळच्या आत एकमेकांना पाच तारे द्यायचे. चार दिले तर समज, दोन रविवार चुकले तर हकालपट्टी. लेखकराव दर रविवारी जेवून उठले की ढीग घेऊन बसत. पहिलं पान, शेवटचं पान, मधली कुठलीतरी एक ओळ. "भाषा ओघवती, व्यक्तिरेखा जिवंत, मधला भाग विशेष प्रभावी." चार वाजायच्या आत पाच पुस्तकांचा फडशा.

"हे असंच सगळे करतात ना?" तिने एकदा विचारलं होतं.

"करतात काही जण."

"मग तुम्हाला आलेले तारे?"

"माझं वेगळं आहे," लेखकराव म्हणाले. "माझं ते खरंच वाचतात. शब्दांवरून कळतं ना."

तिने ताटं उचलली होती.

तर त्या दिवशी सकाळी दुकानात क्रेनवाले काका आले. हे काका गोदीत पस्तीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झाले होते. क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून उंच, दोन बोजांच्या मधल्या वेळात वाचायची त्यांना सवय लागली ती सुटलीच नव्हती. दुकानाच्या काउंटरवर, चष्मे पुसायच्या फडक्यांच्या डब्यामागे, लेखकरावांनी 'लेखकाच्या सहीसह' अशी पाटी लावून पाच प्रती ठेवल्या होत्या. गेल्या महिन्यात नवा चष्मा नेताना काकांनी त्यातली एक उचलली. अक्षर मोठं आहे म्हणून, आणि खिशातले पैसे देऊन. वर्षभरात एवढाच काय तो एक माणूस.

काकांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि पुस्तक त्याच्याशेजारी ठेवलं.

"काय झालं काका? नंबर बसत नाही का?"

"नंबर उत्तम आहे. बिघाड पुस्तकात आहे."

"म्हणजे?"

"वाचा. पान शहाण्णव. शेवटची ओळ."

सव्वीस वर्षांत तिला कुणी "वाचा" म्हटलं नव्हतं. तिने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. धाकटी बहीण पिशवी छातीशी धरून थोरलीच्या दारात उभी होती. सात वर्षांत दोघी बोलल्या नव्हत्या. दार उघडलं आणि आतून... इथे पान संपलं. तिने नजर समोरच्या पानावर नेली. सत्त्याण्णव्या पानाच्या सुरुवातीला लिहिलं होतं: वॉशर काढून कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून घ्यावा.

"सोळा पानं पंपाची दुरुस्ती आहे," काका म्हणाले. "मला आधी वाटलं, थोरलीचा नवरा मेकॅनिक असेल, येतील परत गोष्टीवर. सगळी वाचून काढली. त्यातही एक वॉशर उलटा बसवायला सांगितलाय, गळणार तो पंप. आणि एकशे तेरावर बघतो तर दोघी बहिणी एका ताटात जेवतायत! अहो, पण समेट झाला कसा? कोण आधी बोललं? तेच तर वाचायचं होतं मला. मधली पानं मिळतील का? उद्या येतो."

काका गेले. तिने काउंटरवरच्या उरलेल्या चारही प्रती उघडल्या. चारही ठिकाणी वॉशर. बांधणीवाल्याने दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाचा सोळा पानांचा गठ्ठा आत शिवून टाकला होता.

आणि मग तिला हसू फुटलं. वर्षभर तुंबलेलं हसू होतं ते. त्रेचाळीस जण! भाषा ओघवती, मधला भाग विशेष प्रभावी! खुद्द कोचने लिहिलं होतं की कादंबरीच्या मध्यावर बहिणींची भेट वाचताना डोळे पाणावले. वॉशर पुसताना पाणावले असतील. दुपारी दुकान दोन तास बंद असे. बाई पुस्तक काखेत मारून तरातरा घरी निघाली. तिला त्या शहाण्यांची खोड मोडायची होती, दाढेचा हिशेब चुकता करायचा होता, आणि खरं सांगायचं तर नवऱ्याचा चेहरा कसा पडतो ते बघायचं होतं. तो राजीनामा आता साहेबाच्या हातात जाणार नव्हता, याची तिला शंभर टक्के खात्री होती.

लेखकराव टेबलापाशी बसून पाकिटावर साहेबाचं नाव लिहीत होते. तिने पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.

"घ्या. तुमचा विशेष प्रभावी मधला भाग."

त्यांनी वाचलं. पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग उठून पलंगाखालचं एक खोकं ओढलं, त्यातली एक प्रत उघडली, दुसरी उघडली, सातवी उघडली. स्वतःचं पुस्तक त्यांनी सहीसाठी पहिल्या पानावर शेकडो वेळा उघडलं असेल, पण इतक्या आत ते छापल्यापासून गेले नव्हते. फरशीवर बसूनच त्यांनी शेवटची प्रत मिटली.

"त्रेचाळीस जण," ती म्हणाली. "एकालाही दिसलं नाही! आणि यांच्या जिवावर तुम्ही नोकरीवर लाथ मारायला निघालात. तुमचा तो कोच रडला म्हणे. पंपासाठी रडला! सगळे एका माळेचे मणी. न वाचता खुशाल लिहितात, लाज कशी वाटत नाही म्हणते मी..."

"तू दोनदा वाचलंस ना?" लेखकरावांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. ते खरोखरच विचारत होते. ती काहीतरी बोलेल म्हणून थांबले, तिच्याकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांना कळत गेलं. तिला ते कळताना दिसत होतं. तिचा चेहरा कानापर्यंत तापला.

"दुकानातून आल्यावर डोळे थकतात हो," ती म्हणाली. हे तिचं तिलाच ऐकवलं नाही.

"काहीच नाही वाचलंस?"

"अर्पणपत्रिका वाचली."

अर्पणपत्रिका तिच्याच नावाने होती.

"ती बरोबर छापली आहे," लेखकराव म्हणाले.

यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते उठले, संगणक सुरू केला आणि मूळ हस्तलिखिताची फाइल शोधू लागले. तिने विचारलं काय करताय, तर म्हणाले, त्या काकांना सोळा पानं हवी आहेत ना. नाव काय त्यांचं? तिने सांगितलं, नाव माहीत नाही, क्रेन चालवायचे. आणि बऱ्याच वेळाने, विचारलं नव्हतं तरी, सांगितलं की त्यांना हे हवंय, दोघींपैकी आधी कोण बोललं.

"असं म्हणाले?"

"उद्या येणार आहेत त्यासाठी."

लेखकरावांनी मान हलवली. वर्षभर तारे मोजताना त्यांचा चेहरा असा झालेला तिने बघितला नव्हता. तिला त्या म्हाताऱ्याचा मत्सर वाटला, अगदी स्पष्ट.

छपाईयंत्रातून एकेक पान येऊ लागलं. कोचची पत्रकं छापून छापून घरातला कागद संपत आला होता. पंधरा पानं आली आणि यंत्र थांबलं. लेखकरावांनी खण उघडून बघितला, कपाटावर हात फिरवला. मग टेबलापाशी आले, मिठाची बरणी बाजूला केली, राजीनामा उचलला, पालथा केला आणि यंत्रात घातला. एकशे बारावं पान त्याच्या कोऱ्या पाठीवर छापून आलं. सोळा पानं सारखी करून त्यांनी साहेबाचं नाव लिहिलेल्या पाकिटात भरली, नाव खोडलं आणि त्यावर 'क्रेनवाले काका यांस' असं लिहिलं.

तिने पाकीट पर्समध्ये ठेवलं. दुकान उघडायची वेळ झाली होती, तरी ती दारातच घुटमळली.

"कागद आणते येताना," ती म्हणाली. "मलाही काढून द्या ना ती सोळा पानं."

लेखकराव उद्या घालायच्या शर्टाला इस्त्री करायला बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी शहाण्णवपर्यंत तर ये," ते म्हणाले.