दस्त्यावरचा खळगा

तळघरातला नळ फुटला आणि सासऱ्यांची शिकारीची जुनी रायफल आठवडाभर पाण्यात पडून राहिली. नळी आणि बाकीचं लोखंड त्यांनी स्वतः पुसून, तेल लावून ठेवलं. लाकडी दस्ता तेवढा माझ्या टेबलावर आणून टाकला. जुनं फर्निचर दुरुस्त करणं हा माझा धंदा, त्यामुळे घरातल्या मोडक्यातोडक्याची वाली मीच.

दस्ता फुगला होता, वॉर्निश पांढरं पडलं होतं. सावकाश वाळू दिला, मग वॉर्निश खरवडून काढलं. तेव्हा उजव्या अंगाला, गाल टेकतो तिथे, एक खळगा दिसला. काहीतरी आदळून लाकूड दबलं असेल, म्हणून ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवली. दबलेलं लाकूड वाफेने वर येतं. हे येईना. पुन्हा केलं, तरी ढिम्म. भिंग लावून बघितलं तर कानशीचे चरे! कुणीतरी मुद्दाम घासलं होतं आणि वर वॉर्निशचे जाड थर चढवून लपवलं होतं.

नुसता दस्ता खांद्याला लावून बघितला. उजव्या खांद्याला लावला तर गाल डाव्या अंगाला टेकतो, खळगा राहतो बाहेरच. डाव्या खांद्याला लावला, तेव्हा गाल अलगद त्यात बसला. म्हणजे हा डावखुऱ्या माणसासाठी घासलेला. सासऱ्यांचं सगळं उजव्या हाताने. घरात डावखुऱ्या एकट्या सासूबाई, आणि त्या तर बंदुकीचा विषय निघाला की खोलीतून उठून जातात. माझं डोकं चक्रावलं.

या रायफलीची एकच गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. तरुणपणी सासऱ्यांनी झुडपात रानडुक्कर आहे समजून गोळी झाडली आणि स्वतःच्या वडिलांचा लाडका कुत्रा मारला. तेव्हापासून त्यांचं नाव नेमबाज. शेजारचे घड्याळवाले रोज चहाला येतात आणि एकदा तरी विचारतात, "काय नेमबाज, आज कुणाचा नंबर?" सासरे हसून घेतात. मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा. चार शब्द सुनवायला काय होतं यांना?

"बाबा, हा खळगा कुणासाठी केला होता?" मी विचारलं.

त्यांनी दस्ता हातातही घेतला नाही. "भरून टाक. भुसा आणि सरस घाल आणि सपाट कर."

"पण कुणासाठी?"

"सांगितलं तेवढं कर ना, सूनबाई."

मग स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना विचारलं. भाजी चिरणारा त्यांचा डावा हात थांबला. "भरू नकोस," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा चिरू लागल्या.

झाली का पंचाईत! कुठेतरी पाणी मुरतंय एवढं कळत होतं. एकाचं ऐकावं तर दुसरं दुखावणार, आणि नेमकं काय दुखणार ते कुणी सांगेना. शेवटी दस्त्याला नुसतं तेल चोळलं आणि खळगा तसाच ठेवून तो बैठकीतल्या कपाटावर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी घड्याळवाल्यांची नजर गेलीच. "अरे वा, हत्यार पुन्हा तयार होतंय. मी आपला माझी मांजर घरात कोंडून ठेवतो बाबा."

सासरे हसले. सासूबाईंनी कप खाली ठेवला. उठल्या, दस्ता उचलला आणि डाव्या खांद्याला लावला. गाल त्या खळग्यात गेला आणि तिथेच राहिला.

"कुत्रा मी मारला," त्या म्हणाल्या. "यांनी हौसेने माझ्यासाठी दस्ता घासून दिला होता. मी या घरात नवी होते, आणि कुत्रा म्हणजे माझ्या सासऱ्यांचा जीव की प्राण. हे म्हणाले, गोळी माझी होती."

घड्याळवाल्यांचा कप तोंडापर्यंत जाऊन तसाच खाली आला. मला वाटलं, सुटले बिचारे सासरे, जन्माची थट्टा संपली. त्यांच्याकडे बघितलं तर चेहरा पार उतरलेला, कुणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखा. आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, मला काहीच कळेना.

"कशाला सांगितलंस?" ते म्हणाले. "मला कुठे जड होत होतं?"

"मला होत होतं," सासूबाई म्हणाल्या.