कबुतरांसाठी टांगलेली सीडी

सत्यशीलाबाईंनी तेहेतीस वर्षं शाळेत एक गोष्ट घोटून घेतली होती: आधी कच्चं लिहा, मग पक्कं, आणि कच्चं फेकू नका. निवृत्तीनंतर धायरीत बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांना शिकवता शिकवता त्यांनी त्यांच्यासाठी वाचनाचं पुस्तक लिहिलं. दोन वर्षांत एकशे बारा पानं झाली. नारायण पेठेतला छापखानेवाला ती सोमवारी मागत होता, आणि शुक्रवारी सकाळी घरचा कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर एक पांढरी इंग्रजी ओळ दाखवून गप्प बसला. पक्कं त्याच्या पोटात होतं. कच्चं कुठेच नव्हतं.

यजमान बापूरावांनी बटण चार वेळा बंद-चालू केलं, मग डब्याला दोन चापट्या मारल्या. जुना टीव्ही एवढ्यावर ऐकायचा, असं सांगून ते पेपर वाचायला बसले.

मुलगा संतोष हिंजवडीत कॉम्प्युटरच्याच नोकरीत. मीटिंगमधून त्याने आईसाठी चाळीस सेकंद काढले. कपाटात मशीनबरोबर आलेली रिकव्हरीची सीडी आहे, ती घाल, विचारील त्याला हो म्हण, सगळं नव्यासारखं होईल. बॅकअप असेलच, असंही तो म्हणाला. ज्या खात्रीने म्हणाला, त्या खात्रीने त्याने शाळेत कधी गृहपाठ दाखवला नव्हता.

बाईंनी सीडी शोधली. पण सूचना वाचल्याशिवाय पेपर सोडवायचा नाही, ही जन्माची सवय. भिंग लावून त्यांनी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. कॉम्प्युटर कारखान्यातून निघाला तसा होईल, असं पहिल्या ओळीत होतं. त्यावर साठवलेलं सगळं पुसलं जाईल, असं शेवटच्या. सगळं नव्यासारखं होणार होतं, यात संतोषचं काही चुकलं नव्हतं.

त्यांनी सीडी पाकिटात घातली आणि खालच्या मजल्यावरच्या हुसेनभाईंना बोलावलं. हुसेनभाई तंत्रशाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी डब्याला कान लावला. आत टकटक चालली होती.

"किती वेळा चालू केलंत?"

"यांनी चार वेळा. शिवाय दोन चापट्या."

"चापट्यांनी सुधारलेला एक तरी विद्यार्थी आठवतो, बाई?"

बापूरावांनी पेपर जरा वर धरला.

हुसेनभाईंनी सावकाश समजावलं. आतली हार्ड डिस्क थकली आहे. तिला न उठवता कॉम्प्युटर सीडीवरून सुरू करता येतो. पण अशा सीड्या तऱ्हेतऱ्हेच्या. कुठली व्हायरस झाडते, कुठली दुरुस्तीला लागते, आणि झाडता-दुरुस्त करता थकलेल्या डिस्कवर आणखी गिरवून ठेवते. आता हवी ती नुसती आत डोकावून फाइल बाहेर काढू देणारी.

"म्हणजे आजाऱ्याला आधी व्यायाम सांगायचा नाही," बाई म्हणाल्या.

"आणि तशी सीडी मी चार वर्षांपूर्वी तुम्हाला करून दिली होती. वर लिहिलं होतं, आधी बघा, मग हात लावा."

नवी करायची तर त्यांच्या लॅपटॉपला सीडीची सोयच नव्हती, आणि बाईंचा कॉम्प्युटर इतका जुना की पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला नकार देत होता. दोघांनी कपाट उपसलं. दिवाळी अंकांखाली पाहिलं, शिवणाच्या डब्यात पाहिलं. तेव्हा पेपरामागून आवाज आला.

"चकचकीत होती का?"

बाई तडक गॅलरीत गेल्या. तिथे दोऱ्यांना सात सीड्या लोंबत होत्या. त्यांच्या चमकण्याने कबुतरं घाबरतात, असं बापूरावांचं मत होतं. कबुतरांचं मत कुणी घेतलं नव्हतं. सहा सीड्या उन्हाने पांढुरक्या पडल्या होत्या. त्यांत संतोषच्या लग्नाची एक होती, पण आज ते भांडण काढायला वेळ नव्हता. सातवी पाइपच्या आडोशाला होती. तिला टेकून एका कबुतराने काड्यांचं घरटं केलं होतं आणि ते निवांत बसलं होतं. चार वर्षांत सीडीला ऊन लागू दिलं नव्हतं त्यानेच.

घाणीखाली हुसेनभाईंचं अक्षर दिसलं. बापूरावांनी न सांगता दोरा कापून दिला. हुसेनभाईंनी ओल्या मऊ कापडाने सीडी मधून कडेकडे पुसली, वाळवली, आत सरकवली. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. बाई खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. मग निळा पडदा आला, त्यात हार्ड डिस्कचं चित्र, त्यात त्यांचा फोल्डर. पानं पेनड्राइव्हवर एकेक उतरू लागली. एक्क्याण्णवाला अडकली. हुसेनभाईंनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"काहीतरी करा ना," बापूराव म्हणाले.

"तेच करतोय. काही करत नाहीये."

चार मिनिटांनी ब्याण्णवावं आलं. मग सगळी.

बाईंनी लगेच दुसऱ्या पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत करून घेतली, आणि संध्याकाळी हुसेनभाईंच्या लॅपटॉपवर पहिलं पान ते शेवटचं पान वाचून पाहिलं. एक काना राहिलेला सापडला, तो त्यांनी दिला.

जेवताना बापूरावांनी हळूच विचारलं, की सातव्या दोऱ्याला आता काय बांधायचं. बाईंनी कपाटातून रिकव्हरीची सीडी काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"ही बांधा. आणि अहो, पाइपपासून लांब. त्या कबुतराला त्रास नको."