पन्नास मिनिटांची पाटी

मित्रांनो, मी एका लहानशा विमानतळावरची जुनी पाटी आहे. मला वाचा, पण माझं कौतुक करू नका. ते आता मला सोसत नाही.

माझ्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं आहे : पलीकडच्या विमानतळाचं अंतर दोनशे चाळीस किलोमीटर, वेळ पन्नास मिनिटे. दोन्ही विमानतळ आडबाजूचे, मधे नुसते डोंगर. अंतर नकाशावरून काढलेलं, ते बरोबर आहे. वेळ मात्र रंगाऱ्याने तिकडून येऊन नुकत्याच उतरलेल्या वैमानिकाला विचारली. "पन्नास मिनिटांत आलो!" तो ऐटीत म्हणाला, आणि रंगाऱ्याने तेच रंगवून टाकलं.

आमच्याकडे वारा बारा महिने तिकडून इकडे वाहतो. येताना तो विमानाला मागून ढकलतो, जाताना समोरून अडवतो. जायला दीड तास लागतो हे इथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण विमानतळाचे साहेब म्हणाले, "राहू दे. पन्नास वाचून माणसाला बरं वाटतं." आणि खरंच, प्रवासी म्हणायचे, "अरे वा, हे तर हाकेच्या अंतरावर!" मी फुगून टुम्म व्हायचे.

माझ्यासमोरचं उपाहारगृह ताईंनी नुकतंच चालवायला घेतलं होतं. त्या कधी विमानात बसल्या नव्हत्या. त्यांचे वडील, दादा, पलीकडच्या गावी रुग्णालयात होते. एके दिवशी तिथून त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आज दुपारनंतर दादांना ऑपरेशनला आत नेणार. सारखे तुलाच विचारतायत. सकाळच्याच विमानाने ये गं!"

ताई ओल्या हातांनीच माझ्यापुढे आल्या. "पन्नासच मिनिटं ना? मग दुपारच्या विमानानेही गाठेन दादांना. एवढी माणसं उपाशी कशी ठेवू?" आणि त्या पोळ्या लाटायला वळल्या.

मित्रांनो, मला वाचता येतं, बोलता येत नाही. ज्यांना बोलता येत होतं ते सगळे त्या दिवशी ताईंच्या हातचं जेवले. ताईंना कुणीतरी सांगितलं असेलच, असं ज्याला त्याला वाटलं.

ताई पोचल्या तेव्हा वडिलांना आत नेलेलं होतं. दरवाजाकडे बघत ते शेवटपर्यंत "आली का?" म्हणत होते, असं भावाने सांगितलं. ते बाहेर आले, पण शुद्धीवर आलेच नाहीत.

ताई परतल्या तेव्हा सामान उचलणारे मामा मान खाली घालून म्हणाले, "ताई, ही पाटी फोडून टाकतो." मला वाटलं, फोडाच. मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

"तिला कशाला मारता, मामा? तिने थोडंच स्वतःहून लिहिलंय?" ताई म्हणाल्या. मग फडकं घेऊन त्यांनी मला पुसलं. शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

मला नव्याने रंगवायला बोलावलेला रंगारी अजून आलेला नाही. म्हणून रोज सकाळी, चूल पेटवण्याआधी, ताई माझ्याखाली भिंतीवर खडूने लिहितात : 'जाताना दीड तास. कुणी वाट बघत असेल तर सकाळीच निघा.' वाऱ्याने खडू उडतो, ताई पुन्हा लिहितात. मित्रांनो, कधी इथे आलात, तर माझ्या रंगवलेल्या अक्षरांआधी ती ओळ वाचा. आणि ती पुसट दिसली, तर जवळच खडू ठेवलेला असतो.