एकतीस पावलं

"अब्बा, देवाचा कायदा आणि मतपेटीचा कायदा यांचं भांडण झालं, तर तुम्ही आधी कुणाची फाइल उचलता?"

वर्गात असा हशा पिकला की बाईंना डस्टर आपटावं लागलं. मी मात्र ताठ उभी. हा प्रश्न विचारायची पैज होती! हरले असते तर आठवडाभर अख्ख्या टोळीची दप्तरं मला वाहावी लागली असती. गेल्या वर्षापर्यंत 'हजर' म्हणतानाही माझा घसा सुकायचा. वक्तृत्वात पहिली आले आणि मला जो कंठ फुटला, तो फुटलाच. वर्गाने माझं नाव 'भोंगा' ठेवलं. आता भोंग्यानेच गप्प बसायचं म्हणजे काय?

'आमच्या पालकांचं काम' असा तास चालला होता. आधीच्या आठवड्यांत कुणाची डॉक्टर मावशी आली, कुणाचे विमानतळावरचे मामा आले. माझे अब्बा न्यायकचेरीत कारकून. कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. फळ्यावर त्यांनी दोन चौकोन काढले आणि मधे एक लांब पट्टी.

"ही काझीसाहेबांची खोली. निकाह, तलाक, वारसा, सगळं धर्माच्या कायद्याने. इथे वयात आलेलं माणूस मोठं. ही समोरची नोंदणीची खोली. इथे तुम्हीआम्ही निवडून दिलेल्या लोकांनी केलेला कायदा. इथे अठरा पूर्ण झाल्याशिवाय कुणी मोठं नाही. आणि हा मधला व्हरांडा. एकतीस पावलं. तेवीस वर्षं मी इकडचा कागद तिकडे नेतोय आणि तिकडचा इकडे."

"म्हणजे पोस्टमनच की," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"पोस्टमनला सायकल मिळते, बाळा. मला तीही नाही."

वर्ग पुन्हा हसला. अब्बांनी एवढा वर्ग हसवलेला पाहून माझी छाती बघा कशी फुगली! त्याच जोरावर मी पैजेचा तो प्रश्न टाकला. अब्बांनी खडू हातात फिरवला आणि म्हणाले, "दोन्ही फाइली एकाच काखेत. फारच भांडायला लागल्या तर मधे वर्तमानपत्र घालतो."

टाळ्या. मग त्यांनी उदाहरण दिलं. समजा, एखाद्याने काझींसमोर तलाक दिला. काझींच्या वहीत तो त्याच दिवशी लागला. पण संसदेचा कायदा म्हणतो, रागाच्या भरात घर मोडू नका. नोटीस नोंदणीच्या खोलीत पोचली की तिथून नव्वद दिवस मोजा. तेवढ्यात समेट झाला तर उत्तम, नाही तर तलाक पक्का. "बायकांच्या भल्यासाठी केलाय तो कायदा," अब्बा म्हणाले.

तेव्हा सुई उभी राहिली. तिची आई शिवणकाम करते म्हणून ती सुई. आमच्या निम्म्या वर्गाचे गणवेश तिच्या आईच्या हातचे. पैजेचा प्रश्नही खरं तर सुईनेच रचून दिला होता; मी फक्त भोंगा.

"काका, एखादी नोटीस एका खोलीतून निघाली आणि दुसरीत पोचलीच नाही, तर?"

अब्बांनी टेबलावरचा पेला उचलला. पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. पेला रिकामा झाला तरी तो तोंडाशीच होता.

"असं होत नाही," ते म्हणाले. 

शाळा सुटल्यावर सुई माझ्याबरोबर चालत होती. मी पैज जिंकल्याच्या तोऱ्यात बडबडत होते. ती म्हणाली, "उद्या आईचा निकाल आहे."

मला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण आम्ही त्यावर बोलत नव्हतो. सुईचा बाप ट्रक चालवतो. तीन वर्षांपूर्वी त्याने काझींसमोर तिच्या आईला तलाक दिला. वर्ष उलटून गेल्यावर तिच्या आईने कापडाच्या दुकानातल्या कटरशी निकाह केला. गेल्या वर्षी बाळ झालं. आणि मग ट्रकवाला उगवला आणि म्हणाला की, सरकारदरबारी ती अजून माझीच बायको आहे. नोंदणीच्या वहीत बघितलं तर तलाक नव्हताच. म्हणजे नवरा असताना परक्या माणसाबरोबर राहिली. हा गुन्हा धर्माच्या कायद्यातला, पण तो आपल्याच संसदेने मतं मोजून सरकारी कायद्यात घातलेला. शिक्षा सात वर्षं.

"काझीसाहेब म्हणाले, माझ्या वहीत ती मोकळी आहे," सुई सांगत होती. "खटल्यासाठी त्यांच्या शेजारी बसलेले सरकारी न्यायाधीश म्हणाले, नुसत्या तुमच्या वहीवर मला तिला सोडता येत नाही, 'मिळाला' शिक्क्याची नोटीस दाखवा. म्हणजे दोघांनाही सोडायचंय ग! आणि दोघांनाही सोडता येत नाही."

"मग काय होणार?"

"आई आणि नवे अब्बा दोघंही आत. बाळ अंगावर पितंय, ते आईबरोबर आत. मी ट्रकवाल्याकडे."

"तुझ्या बापाकडे?"

"ट्रकवाल्याकडे," ती म्हणाली. मग माझ्या बाहीवरचा लोंबता दोरा तिने दातांनी तोडला, सवयीने. "तुझ्या अब्बांनी साक्षीत सांगितलं, असा कागद माझ्या हातून गेलेला नाही. मग नसेलच गेला. ते कशाला खोटं बोलतील? आज म्हटलं, एकदा तोंडावर विचारून बघू. बस्स."

घरी आले तेव्हा अम्मी कांदा चिरत होती. बोर्डाच्या फॉर्मला जन्मदाखला हवा होता, बाईंनी उद्याची शेवटची मुदत दिली होती.

"कपाटात हिरवी फाइल आहे. उलथापालथ करू नकोस."

उलथापालथ केल्याशिवाय मला काही सापडतं होय! फाइलीत माझा दाखला, लशींचं कार्ड, बालवाडीतलं माझं एक भयंकर चित्र आणि त्या चित्राच्या मागे चार घड्या घातलेला एक कागद. मला वाटलं, माझंच कसलं तरी प्रमाणपत्र. उघडला. काझींच्या कचेरीचा छापील फॉर्म. ट्रकवाल्याची सही. सुईच्या आईचं नाव. खाली निळा शिक्का, 'मिळाला', तीन वर्षांपूर्वीची तारीख, आणि शिक्क्यावर चिमणीच्या पायासारखी बारीक सही. ती सही माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आहे.

मी कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. अम्मीने कागदाकडे बघितलं आणि पुन्हा कांदा चिरायला लागली. तिने विचारलं नाही, हे काय आहे म्हणून. तिथेच मला कळलं की तिला माहीत आहे.

"जिथे होता तिथे ठेव," ती म्हणाली.

"अम्मी, उद्या सुईच्या..."

"मला कॅलेंडर कळतं. ठेव."

अब्बा सहा वाजता आले. बूट काढायला खुर्चीवर टेकले, आणि मी त्यांच्या मांडीवर कागद ठेवला. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला ओरडता येतं. ते हातात एक बूट घेऊन नुसते बसून राहिले.

"मी त्याला मुरत ठेवणं म्हणायचो," ते म्हणाले. "माणसं रागात येतात, तलाक देऊन जातात. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून व्हरांड्यात उभी. काझींच्या हिशेबाने अजून परत घेता येतं. पण नोटीस एकदा नोंदणीत गेली की भाऊबंदांना पत्रं जातात, पंच बसतात, चारचौघांत शोभा होते, आणि मग माणूस हट्टाला पेटतो. म्हणून मी शिक्का मारायचो आणि आठ दिवस कागद खणात ठेवायचो. बेकरीवाला परत आला. घड्याळवाला आला. पाच घरं राहिली बेटा माझ्या त्या खणामुळे. त्यांना पत्ताही नाही."

"आणि ट्रकवाला?"

"दुसऱ्या दिवशी रडत आला. म्हणाला, साहेब, थोडं थांबा, तिला आणतो समजावून. मी थांबलो. चौथ्या दिवशी निवडणुकीच्या ड्यूटीचा हुकूम आला. खण रिकामा करून सगळं मतदारयाद्यांच्या गठ्ठ्यात बांधलं आणि महिनाभर पेट्या घेऊन फिरलो. परत आलो तेव्हा कागद डोक्यातून गेला होता. पार गेला होता."

अम्मी चहा घेऊन आली. पेला त्यांच्यासमोर ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

"तिच्या दुसऱ्या निकाहचा कागद मीच नेला," अब्बा म्हणाले. "हसत हसत. नोंदणीवाल्याने विचारलं, आधीचा तलाक लागलाय ना? मी म्हटलं, मीच आणला असेन की. तेवीस वर्षांत माझा शब्द कुणी तपासला नव्हता. त्याने वही उघडलीही नाही. मग यंदा याद्या दुरुस्तीला काढल्या, तर गठ्ठ्यातून हा बाहेर पडला. आणि त्याच आठवड्यात ट्रकवाल्याचा अर्ज."

"तुम्ही कोर्टात खोटं सांगितलंत."

"खोटं नव्हतं ग." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "त्यांनी विचारलं, कागद तुमच्या हातून पुढे गेला का? मी म्हटलं, नाही गेला. गेलाच नव्हता."

मला हसू आलं. खरंच आलं. अशी पळवाट मीसुद्धा गृहपाठासाठी काढते. मग त्या हसण्याचं मधेच काहीतरी झालं आणि मी नाक पुसायला लागले.

"दर तारखेला ठरवून जातो," अब्बा म्हणाले. "खिशात कागद असतो. ती बाई समोर बाळाला थोपटत बसलेली असते. मी उठतो. आणि माझा घसा सुकतो. आवाजच फुटत नाही."

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो घसा कुठून माझ्याकडे आला, ते आत्ता कळलं.

"आता माझं ऐका," अम्मी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि अम्मी शांत असली की मला भीती वाटते. "निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. कागद दाखवला की नोकरी गेली. सरकारी कागद दडवला म्हणून एक खटला, साक्षीत फसवलं म्हणून दुसरा. हे आत गेले की त्यांची रक्तदाबाची गोळी कोण देणार, तुमची संसद की काझीसाहेब? मला त्या बाईची दया येत नाही असं वाटतं का तुला? ह्यांच्या अंगावरचा सदरा तिनेच शिवलाय. पण मी माझ्या घराला आग लावून तिला उजेड नाही दाखवू शकत."

"उद्या सांगेन मी," अब्बा हळूच म्हणाले.

"मागच्या तीन तारखांना हेच म्हणालात." अम्मी खाली बसली, आणि इतका वेळ शांत असलेली ती पदरात तोंड घालून हमसाहमशी रडायला लागली. अब्बांच्या हातात अजून तो एकच बूट होता. चहावर साय धरत होती. मला वर्गातला हशा आठवला, दोन्ही फाइली एकाच काखेत, आणि माझ्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या हेही आठवलं.

मी अब्बांच्या मांडीवरून कागद उचलला. त्याच्या घड्या होत्या तशाच घातल्या आणि माझ्या गणवेशाच्या खिशात ठेवला. हा खिसा सुईच्या आईने मुद्दाम खोल शिवला होता. म्हणाली होती, तुझ्यासारख्या धांदरट पोरीला खोलच बरा.

"अम्मी, अब्बा, मी एक ठरवलंय," मी म्हटलं. माझा आवाज शाबूत होता. "उद्या शाळेत जाणार नाही. दहा वाजता मी कचेरीत जाणार, काझीसाहेबांच्या खोलीत."

"तुला कोण आत घेतंय?" अम्मीने तोंड वर केलं. "सोळा वर्षांची पोर तू."

"नोंदणीच्या खोलीत पोर. सुनावणी काझींच्या खोलीत आहे, तिथे मी मोठी. अब्बांनी आजच फळ्यावर काढून सांगितलंय."

"तिथे एकट्या बाईच्या शब्दाने भागत नाही, दोघी लागतात."

"मग तू चल ना बरोबर. दोघी होऊ."

अम्मीने पदराने डोळे पुसले आणि चहावरची साय बोटाने बाजूला केली.  

मी अब्बांच्या पायाशी बसले. त्यांच्या हातातला बूट काढून घेतला आणि दुसऱ्या बुटाशेजारी ठेवला, टोकं दाराकडे करून.

"अब्बा, उद्या तुम्ही उठलात आणि बोललात, तर कागद मी तुमच्या हातात देईन, आणि मग तुम्हाला जिथे नेतील तिथे दर आठवड्याला गोळ्या घेऊन येईन. तुमचा घसा सुकला, तर मी बोलेन. पण हा कागद उद्या जाणार. एकतीसच पावलं आहेत, अब्बा. मी चालेन."