काटेझरीतला सत्कार

तलावाच्या काठावरच्या खडकावर बसून त्रिंबकने ओल्या पायांवरच मोजे ओढले आणि बुटाची नाडी बांधायला घेतली. गाठ काही बसेना. डिसेंबरातल्या सकाळी पाझर तलावात आठशे मीटर पोहून आलेल्या माणसाची बोटे काकडणारच, असे पाहणाऱ्याला वाटले असते. पण त्याची बोटे गेल्या रविवारपासून अशीच थरथरत होती. शर्यतीचा नवा रस्ता त्याने कागदावर पाहिला होता तेव्हापासून.

"आरं, उद्यापस्तोर बांधनार हायेस का?" बद्रीनाथ जागच्या जागी उड्या मारत म्हणाला. "चिकलठान्याची पोरं पान्याभायेर निघाली बघ."

चाळीस किलोमीटर सायकल, मग पोहणे, मग चौदा किलोमीटर धावणे, अशी ती कामगारांची शर्यत. वाळूजच्या एकाच कारखान्यातले हे तिघे बजाजनगरच्या नावाने उतरले होते. बद्रीनाथ फिटर आणि संघाचा कप्तान. उस्मानपुऱ्याचा फारूख लेथवर. त्रिंबक पॅकिंगला. सायकली रोज कामावर न्यायच्याच, फक्त मडगार्ड आणि कॅरिअर काढलेल्या. तेवढ्याने वेग दुप्पट झाला असे बद्रीनाथचे ठाम मत होते आणि ते तो मागितल्याशिवाय सगळ्यांना देत असे. नियम एकच कडक होता. तिघांनी शेवटपर्यंत बरोबर राहायचे आणि वाटेतल्या प्रत्येक टेबलावर तिघांनी एकाच वेळी सह्या करायच्या. एक जरी मागे राहिला तरी संघ बाद.

रस्ता खरे तर दौलताबादवरून वेरूळकडे जाणार होता. पण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा आज होते की उद्या अशी हवा होती, चौकाचौकात बंदोबस्त लागला होता आणि मोठ्या रस्त्यावर दोनशे माणसे पळवायला पोलिसांनी साफ नकार दिला. आयोजकांनी घाईघाईने आडबाजूचा रस्ता शोधला. त्या रस्त्यावर धावण्याचे दुसरे टेबल होते काटेझरीला.

त्रिंबकने सगळे ठरवून ठेवले होते. डोक्याला रुमाल गुंडाळायचा, तो कपाळावर ओढून घ्यायचा. पाणी घ्यायचे नाही. मान खाली घालून सही करायची आणि निघायचे. अर्धे मिनिट. पंधरा वर्षांनी कोण ओळखतो, असे तो स्वतःला रोज समजावत होता आणि रोज त्याचे समाधान होत नव्हते.

पहिले टेबल पार पडले. उसाच्या कडेने तिघे एका लयीत पळत होते. बद्रीनाथ दोनतीनदा त्याच्याकडे बघून गालात हसला.

"सांगायचं नव्हतं, पन माझ्या पोटात काय ऱ्हात नाय," तो शेवटी म्हणाला. "काटेझरी तुझं गाव ना?"

त्रिंबकचे पाऊल चुकले. "कोन म्हनलं?"

"पीएफचा फारम मीच भरला की तुझा. जन्मगाव काटेझरी. येवढं जवळचं गाव अन् कधी बोलला नाय लेका. मागच्या आठवड्यात आयोजकांसंगं टेबलांच्या जागा बघायला गेलो तवा कडूबा पाटलाला म्हनलं, आमच्यात तुमच्याच गावचा गायकवाड हाय. पाटील म्हनले, मग आमच्या भावकीतलाच. मी म्हनलं, मग काय तर. सत्कार हाय तुझा. हार, शाल, नारळ, माईक, समदं."

एवढे सांगून तो शाबासकीची वाट बघत राहिला. कडूबा पाटील जिवंत आहे, एवढेच त्रिंबकला नीट ऐकू आले होते.

काटेझरीत गायकवाड पाटलांच्या आळीतही होते आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीतही होते. बजाजनगरला खोली घेताना घरमालकाने विचारले होते, गायकवाड म्हणजे कुठले? गंगापूरकडचे, असे त्रिंबकची आई दगडाबाई म्हणाली होती आणि पुढचे घरमालकाने स्वतःच्या मनाने भरून घेतले होते. खोटे कुणीच बोलले नव्हते. सात वर्षे त्या गैरसमजाच्या आडोशाला मायलेक राहत होते. बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने लावलेला होता आणि आई अजूनही चपला उशाशी घेऊन झोपत असे.

बाभळीच्या वळणावर त्रिंबक एकदम खाली बसला. "पायात गोळा आला," तो म्हणाला.

बद्रीनाथने कपाळावर हात मारला आणि चिकलठाण्याची पोरे कुठवर आली ते बघायला बराच मागे उंचवट्यावर गेला. फारूख गुडघ्यावर बसून त्याची पोटरी दाबू लागला. त्याची बोटे एकदा वरून खाली गेली आणि थांबली.

"गोला किधर है? पिंडरी तो नरम है."

त्रिंबकने पाय आवळून घेतला.

"क्या हुआ रे?"

सात वर्षांत जे कुणाला सांगितले नव्हते ते त्याने मातीकडे बघत सांगितले. कसे सांगावे याचा विचार करायलाही वेळ नव्हता.

"त्या गावात आमची अकरा घरं व्हती. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंग्यात जाळली, भर दुपारी. बापानं फिर्यादीत आठ नावं दिली. पयलं कडूबा पाटलाचं. साक्षीदार एकेक करून फिरले. बाप तारखा करता करता गेला. मी बारा वर्साचा व्हतो. मी बघितलंय फारूख. अन् मी बघितलंय हे त्याला ठाव हाय."

फारूखने त्याला धीर धर वगैरे काही सांगितले नाही. गेल्या वर्षीच्या डिसेंबरात, मशीद पडल्यावर, तो स्वतः दहा दिवस नावाचा बिल्ला खिशात घालून कामावर येत होता आणि हाच बद्रीनाथ त्याला सायकलींच्या घोळक्यात मध्ये घेऊन गेटापर्यंत पोहोचवत होता. त्याने फक्त उंचवट्याकडे एकदा पाहिले.

"बद्री को मालूम नहीं?"

"नाय."

"तू नक्को बोलू कुछ. मैं बोलतूं मेरा पाँव मुड गया. यहींच बैठ जाते. शर्यत गयी तो गयी."

त्रिंबकला त्याच्या गळ्यात पडावेसे वाटले. हो म्हणायला त्याने तोंड उघडलेही. तेवढ्यात पुढून दोन राजदूत मोटारसायकली धूळ उडवत आल्या. त्यांच्यावर चार तरणी पोरे, कपाळाला गुलाल लावलेली. पाहुणा यायचा म्हणून शिवेवर सामोरी आली होती. आगीच्या दिवशी यांतले मोठ्यातले मोठे पोर फार तर अंगणात खेळत असेल.

"बजाजनगरवाले का? त्रिंबकराव कोनते?"

"ह्यो बसलाय तो," बद्रीनाथ धावत येत म्हणाला. "उठ रे, गावानं गाड्या धाडल्या तुला."

एक राजदूत पुढे लागली, एक मागे. तिघे मधून पळू लागले. आता बसता येत नव्हते, वळता येत नव्हते. मागच्या गाडीचा आवाज त्रिंबकच्या पाठीला टेकल्यासारखा येत होता. रुमाल कुठे पडला तेही त्याला आठवेना. पळताना दम टिकवायचे जे तंत्र तो तीन वर्षे शिकला होता ते पार विसरला होता. त्याला फक्त भीती वाटत होती, लहान मुलाला वाटते तशी.

ओढा आला. पलीकडे अकरा घरांच्या जागी तूर उभी होती, शेंगांनी लगडलेली. एका बाजूला नवी विहीर दिसत होती. त्रिंबकने पाहिले आणि पुढे पळत राहिला.

चावडीपुढे शे-दीडशे माणसे जमली होती. माईकवरून कुणीतरी गावाच्या सुपुत्राचे नाव घेत होते. टेबलाशी पोचताच बद्रीनाथने आधी सह्या उरकून घेतल्या. सत्काराच्या आनंदातही घड्याळ विसरणारा तो गडी नव्हता. त्रिंबकने सही केली ती त्याची त्यालाच वाचता आली नसती. मग त्याने मान वर केली आणि लोकांचे हात बघायला सुरुवात केली. एकाच्या हातात नारळ. एकाच्या हातात घडी घातलेली शाल. एकाच्या हातात बैलाची काठी. शेतातून तसाच आलेला एक जण विळा घेऊन उभा. एकाचे दोन्ही हात उपरण्याखाली होते, ते दिसत नव्हते. फारूख त्याला इतका खेटून उभा राहिला की दोघांचे खांदे लागले.

गर्दी बाजूला झाली आणि कडूबा पाटील झेंडूचा हार घेऊन पुढे आला. त्रिंबकच्या आठवणीतला कडूबा पाटील दारात मावत नसे. हा म्हातारा त्याच्या छातीला लागत होता. धोतर ढगळ झालेले, दात गेलेले, तोंडभर हसू. त्याने मान वर करून पाहुण्याचा चेहरा पाहिला. त्रिंबक बापावर गेला होता, नाकापासून हनुवटीपर्यंत. म्हाताऱ्याच्या ओठांवर हसू तसेच राहिले. डोळ्यांतून मात्र ते गेले.

"सोनाजीचा का रं तू?"

माईकला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्याने विचारले. सात वर्षे लोकांनी आपापल्या मनाने जागा भरून घेतल्या होत्या. या प्रश्नात तशी जागा नव्हती.

"व्हय," त्रिंबक म्हणाला.

म्हातारा हलला नाही. हार दोन्ही हातांत तसाच. फोटो काढणारा पुढे झाला. "पाटील, घाला की. पाव्हनं, जरा मान वाकवा."

त्रिंबकने मान वाकवली नाही. मान वाकवली असती तर त्याला फक्त जमीन दिसली असती, उपरण्याखालचे हात दिसले नसते. घाम डोळ्यांत उतरत होता, तरी तो मान ताठ ठेवून समोर बघत राहिला.

"आरं, वाकव की," बद्रीनाथने कोपराने ढोसले.

"शेहरात गेला का मानूस असाच ताठतो," गर्दीतला कुणीतरी म्हणाला, आणि दोघेचौघे हसले.

पाटलाने हार उचलला. तो त्रिंबकच्या हनुवटीपर्यंतच पोचला. त्याने पुन्हा उचलला, पुन्हा तेच झाले. सगळे गाव बघत होते. मग म्हाताऱ्याने डावा हात त्रिंबकच्या खांद्यावर ठेवला, चवड्यांवर उभा राहिला आणि एका हाताने कसाबसा हार त्याच्या डोक्यावरून खाली ओढला. टाळ्या वाजल्या. तो मात्र खाली उतरला नाही. त्याचे तोंड त्रिंबकच्या कानाशी होते.

"साक्ष द्यायला येनार हायेस का रं आता?"

त्रिंबकने आता कुठे सगळ्या हातांवरून नजर काढली आणि त्याच्या तोंडाकडे पाहिले. खांद्यावरचा तो हात थरथरत होता. आपण थरथरतोय म्हणून हातही हलतोय, असे त्याला आधी वाटले होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जे होते ते ओळखायला त्याला वेळ लागला नाही. पंधरा वर्षे ते त्याच्याच घरात राहायला होते.

नाही म्हणणे सोपे होते. एक शब्द पुरला असता. खरे तर साक्षीचा विचार त्याने कधी केलाच नव्हता. ती फाईल कुठल्या कपाटात आहे हेही त्याला माहीत नव्हते.

"चला, चला, आली ती पोरं," बद्रीनाथ ओरडला आणि नारळ काखेत मारून पळत सुटला.

त्रिंबकने खांद्यावरचा हात हळूच बाजूला केला आणि त्याच्या मागे निघाला. शाल तशीच मागे राहिली. गळ्यातला हार छातीवर आपटत होता आणि झेंडूच्या पाकळ्या वाटेवर गळत होत्या. बद्रीनाथ पुढून सांगत होता की असा सत्कार आमदाराचाही झाला नसेल.

फारूखने पळता पळता मागे वळून पाहिले.

"तूने क्या बोला उसको?"

"काय नाय बोललो."

"बुड्ढा अब्बीबी वहींच खडा है. इधरीच देखरा."

त्रिंबकचे पाय पुढेच पडत होते. त्याने मागे पाहिले नाही.

"बघू दे," तो म्हणाला.