थांबण्याचा पाठ

बाटलीचं ते झाकण कडेला जरासं चेपलेलं होतं, त्यामुळे टेबलावर धड बसत नव्हतं – एक बाजू दाबली की दुसरी वर यायची. शिक्षिका लुसुंगू चावुलानं तो चाळा दोन-तीनदा केला आणि मग भानावर येऊन झाकणं ओळीनं मांडली: सात झाकणं, म्हणजे सात रताळी. भागाकाराचा पाठ. मुलं जमिनीवर दाटीवाटीनं बसली होती आणि मागच्या भिंतीशी, शाळेतल्या एकुलत्या एक धड खुर्चीवर, कुमवेंडा सर मांडीवर कागद घेऊन बसले होते. ट्रेनिंग कॉलेजातून आलेले परीक्षक. त्यांना पाठ पसंत पडला तर प्रमाणपत्र. नाही तर पुन्हा एक वर्ष...

सर. हा शब्द अजून जिभेला सवयीचा होत नव्हता. हाच वाकिसा कुमवेंडा, एके काळी दुसरीत, याच वर्गात, त्या खिडकीखाली बसायचा. सकाळी मोटरसायकलवरून उतरताना तो "बाई" म्हणत वाकलासुद्धा, आणि मग मुख्याध्यापक दिसताच सावरून, "काय मिसेस चावुला, तयारी झाली?"

तयारीची तिला धास्ती नव्हतीच. बावीस-तेवीस वर्षं ती इथं प्रमाणपत्राशिवाय शिकवत आली होती – आधी दुसरं कुणी नव्हतं म्हणून, मग ती होतीच म्हणून. ती सुटीतल्या प्रशिक्षणाला जायची तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात विशीतल्या पोरी तिला चिडवायच्या, "मावशी, तुम्ही तर आम्हालाच शिकवाल! इथं कशाला आलात?"

"शिक्का मारून घ्यायला," ती म्हणायची, की सगळ्या खिदळायच्या.

पण तिला ते खरंच वाटत होतं. आपल्याला येतं ते येतंच. सरकारला तेवढं कळायचं राहिलंय. एकदा प्राध्यापिका म्हणाल्या होत्या, प्रश्न विचारलात की थांबा – तेव्हा तिनं मान डोलवली होती आणि मनात म्हटलं होतं, आमच्या पोरांसाठी थांबत बसलं तर मका कापणीला येईल!

"सात रताळी आणि दोघी बहिणी," ती वर्गाला म्हणाली. "सारखी वाटायची. मग किती उरतील? तापोकेरा, तू सांग."

तापोकेरा? विचारायचं होतं पुढच्या रांगेतल्या चुणचुणीत पोराला, तसं ठरवूनच आली होती ती. आणि तोंडातून नाव निघालं ते या मुलीचं, जिचा आवाज वर्गानं वर्षभरात ऐकला नव्हता. मुलगी उभी राहिली. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली.

एक उरलं, हो ना? शाब्बास, बस खाली – लुसुंगूच्या जिभेवर वाक्य तयार होतं, इतक्या वर्षांच्या सवयीनं गुळगुळीत झालेलं. तेवढ्यात मागचं पेन थांबलं. तिनं वर पाहिलं. कुमवेंडा सर कागदाकडे नाही, त्या मुलीकडे बघत होते – आणि खिडकीखालचा तो पोरगा तिला दिसला, असाच उभा, असाच अंगठ्याकडे बघणारा, आणि ऐकू आला स्वतःचाच आवाज: वाकिसाला येतं सगळं, लाजतो फक्त. उत्तर आहे नऊ... किती मायेनं म्हणायचे मी! मायेनंच म्हणायचे. पण त्याला येत होतं का खरंच? मला कधी कळलं...?

ती गप्प राहिली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली. पुढचा पोरगा हात वर करून करून उठू लागला, त्याला तिनं डोळ्यांनीच बसवलं. हे थांबणं फार अवघड होतं – हातातलं काम टाकून रिकामं उभं राहण्यासारखं.

"एकही नाही," तापोकेरा म्हणाली.

"का गं?"

"तीन हिची, तीन तिची. एक आजीचं. उरेल कसं?"

वर्ग हसला. लुसुंगूला हसू आलं नाही. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. "आणि आजी नसेल तर?"

"मग कापायचं, बाई!"

"छे! धाकटीला द्यायचं!"

"का म्हणून? तू धाकटा ना, म्हणून?"

शिपायानं लोखंडी पट्टी वाजवली तेव्हा भांडण रंगात आलं होतं, आणि 'बाकी' म्हणजे काय ते सांगायचं राहूनच गेलं होतं.

व्हरांड्यात कुमवेंडा सर कागद दुमडत म्हणाले, "पाठ पुरा झाला नाही, बाई."

"नाही झाला, सर."

"तसं लिहावं लागेल."

"लिहा."

ते थोडे घुटमळले. "तुमच्या वर्गात मी एकदाही उत्तर दिलं नाही. माझी उत्तरं तुम्हीच द्यायचात."

"बोलला असतास?"

"काय ठाऊक!" ते हसले, त्या हसण्यात कसलीच धार नव्हती. "मलाही तेव्हाच कळलं असतं."

निकाल कॉलेजातच लागणार होता. मोटरसायकल धूळ उडवत गेली. मुख्याध्यापक लगबगीनं आले. "काय बाई, झालात का मग पक्क्या मास्तरीण?"

"माहीत नाही, सर."

म्हणाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. हे दोन शब्द या शाळेत तिनं कधी उच्चारले नव्हते. मुलांसमोर नाही, मोठ्यांसमोर तर नाहीच. वाटलं होतं, म्हणताना कमीपणा येईल. तसं काही झालं नाही. ती वर्गात परतली. मुलं अजून रताळ्यावरून भांडत होती, तिला बघून गप्प झाली, आणि तिनं एकेक चेहरा पाहिला – हा हुशार, ही लाजरी, तो मठ्ठ, असं आजवर पाठ असलेलं... काहीच पाठ नव्हतं. सगळी अनोळखी मुलं होती. आणि मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, आजवर काही न बोललेली अशी कितीतरी.